तेवीस नंबरच्या केंद्रातलं शून्य

प्रिय दोनातो,

हे पाकीट तुला साबीनो देईल, तोरीनोच्या बसवरचा ड्रायव्हर. तुझ्याच हातात द्यायचं, ओर्नेल्लाच्या नाही, असं त्याला बजावलं आहे. सकाळपासून तीनदा फोन केला. माझा नंबर दिसला की तुम्ही नवराबायको उचलत नाही, हे मला माहीत आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण निदान साबीनोसमोर पाकीट फाडून टाकू नकोस. तो इकडे येऊन सगळ्या गल्लीला सांगेल, आणि आपल्या घराबद्दल सांगण्यासारखं गल्लीकडे आधीच भरपूर आहे.

स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. आज आपल्याकडे गॅस पेटवलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या पास्क्वीनाने सूपाचं पातेलं आणून ठेवलं आहे आणि ‘चार चमचे तरी पोटात जाऊ दे गं’ म्हणत ती दर दहा मिनिटांनी डोकावते. बाहेरच्या खोलीत माणसं आहेत. जुलैचा उकाडा, त्यात खिडक्या बंद. पाकीट दुपारच्या बसवर पोचवायचं आहे, म्हणून जसं आठवेल तसं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा हिंमत व्हायची नाही.

चौदा महिने झाले, तू आईशी एक शब्द बोललेला नाहीस. का, ते अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. महापौर आणि नगरसेवकांच्या निवडणुकीत तुला शहरभरातून दोनशे अकरा मतं पडली, आणि तेवीस नंबरच्या केंद्रात, जिथे आई, मी आणि माझा मुलगा साव्हेरियो मत देतो, ज्या गल्लीत तू गुडघे फोडून घेत वाढलास, तिथे शून्य. पडल्याचं तुला काही वाटलं नसतं. महापौरपदाला उभ्या तुमच्या डॉक्टरीणबाईंचं पॅनेल पडणारच होतं. ‘आपण निवडून यायला नाही, त्यांची झोप उडवायला उभे आहोत,’ असं तूच म्हणायचास. पण ते शून्य! केंद्रवार आकडे छापून आले त्या दिवशी कॅफेतले लोक तुला बोटांचा गोल करून दाखवत होते. समोरच्या पॅनेलच्या पालुमिएरीची मतं गोळा करणारा तो उच्चो तर रस्त्याच्या पलीकडून ओरडला, ‘दोनातो, अरे तुझ्या आईनंसुद्धा नाही दिलं की रे!’

त्या गुरुवारी तू घरी आलास. आई मटार सोलत होती. तू उभ्या उभ्याच विचारलंस, ‘आई, मत कुणाला दिलंस?’ ती म्हणाली, ‘तुला रे. आणखी कुणाला देणार?’ तू हसलास. तसं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. ‘आई, निदान खोटं तरी बोलू नकोस. शून्य म्हणजे शून्य.’ ती माझ्याकडे बघायला लागली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी नळ सोडला आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. तू दार आपटून गेलास, आणि महिन्याभरात बिऱ्हाड घेऊन तोरीनोला.

दोनातो, ती खोटं बोलत नव्हती. तिने तुलाच मत दिलं होतं. ते मी माझ्या हाताने पेटीतून काढलं होतं.

थांब, शिव्या नंतर दे. पहिल्यापासून सांगते. ईस्टरच्या आधी उच्चो आपल्याकडे आला. हातात मिठाईचा खोका, चेहऱ्यावर साखर. बाबांच्या खुर्चीत बसला, मेला, न विचारता. म्हणाला, ‘एर्सीलियाबाई, साव्हेरियोची कामाची ऑर्डर जूनमध्ये संपते ना? पोरगं चांगलं आहे हो. साहेबांच्या लक्षात आहे.’ तू ज्या कचऱ्याच्या ठेक्याविरुद्ध चौकाचौकांत ओरडत होतास, त्याच ठेक्यावर माझा मुलगा गाडीच्या मागे उभा राहायचा. मग म्हणाला, ‘तीन मतं आहेत तुमच्या घरात. तुमच्यासाठी जोडी काढून ठेवलीय. पालुमिएरी आणि सेरावाल्ले. दुसरं नाव विसरू नका हं, ते या केंद्रात फक्त तुमच्या घराला दिलंय.’ पुढचं तुला सांगायला नको. नावं आपल्या हाताने लिहायची, एक पुरुषाचं, एक बाईचं. पुरुष सगळ्यांना एकच, बाई दर घराला वेगळी. मोजणीला नावं मोठ्याने वाचली जातात, आणि त्यांचा माणूस कोपऱ्यात बसून कोणत्या घराने शब्द पाळला त्यावर खूण करतो. तू सभेत हेच तर सांगत होतास. तू तिकडे भाषण करत होतास आणि आम्ही इकडे घरात बसून ती दोन नावं पाठ करत होतो.

तुझं बरोबर होतं, हेही एकदा लिहून टाकते. मिठागराकडचा कचऱ्याचा ढीग अजून पेटतो. अजून आम्ही भर उन्हाळ्यात खिडक्या लावून झोपतो. पण माझं एकच पोर, बाप नसलेलं, तीन वर्षं घरी बसून नुसतं छताकडे बघणारं. त्या गाडीवर लागल्यापासून ते हसायला लागलं होतं. तुझ्या दोनशे अकरा माणसांत असं घर नव्हतं का? असेल. त्यांनी तुला मत दिलं, मी नाही दिलं. माझं आणि साव्हेरियोचं, दोन्ही मतं पालुमिएरीला गेली, याबद्दल मी माफी मागत नाही.

आईलाही ती जोडी सांगितली. तिने जपमाळ ओढल्यासारखी तीनदा म्हणून दाखवली. मला वाटलं, झालं. रविवारी मे महिन्याच्या उन्हात काळा कोट घालून ती मतदानाला आली. मी त्याच खोलीत टेबलाशी बसले होते. मतमोजणीच्या कामाला नाव मी दर वेळी देते, त्या वर्षी नेमकी माझी चिठ्ठी निघाली होती. आई पडद्यामागे इतका वेळ होती की रांग कुरकुरायला लागली. बाहेर आली ती हातात पेन्सिल घट्ट धरून. केंद्राध्यक्ष तेदोने वकीलबाई म्हणाल्या, ‘आजी, पेन्सिल सरकारची आहे, ती द्या परत.’ सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

सोमवारी तीन वाजता दारं लागली आणि मोजणी सुरू झाली. मी पेटीतून एकेक मतपत्रिका काढून उलगडायची, वकीलबाईंच्या हातात द्यायची, त्या वाचायच्या. उच्चो एजंट म्हणून समोरच बसला होता, मांडीवर त्याचा कागद. ‘पालुमिएरी, सेरावाल्ले’ एकदा झालं, मग थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्याची वाट बघत तो पेन टिचकावत होता. पेटी तळाला आली. आणि मग मी एक पत्रिका उलगडली आणि वाचायच्या आधीच मला कळलं. ते अक्षर मी ओळखणार नाही तर कोण?

तू चौथीत होतास तेव्हा तूच तिला लिहायला शिकवलंस. याच टेबलावर. कसला कडक मास्तर होतास! तिची ओळ वाकडी गेली की ‘पुन्हा काढ’ म्हणायचास, आणि ती एवढी मोठी बाई, हातावर छडी बसेल अशा भीतीने पुन्हा काढायची. बाबा आणि मी दाराआड हसायचो. बाकी काही तिला नीट जमलं नाही, पण आपलं आडनाव ती न अडखळता लिहायची, पहिलं अक्षर सगळ्यांत मोठं काढून. तसंच लिहिलं होतं. तुझ्या पॅनेलच्या चिन्हावर फुली, शेजारी ‘स्किरोने’. आणि खालच्या ओळीत, जिथे बाईचं नाव लिहायचं तिथे, ‘माझं लेकरू’.

वकीलबाई थांबल्या. मोठ्याने वाचलं नाही. म्हणाल्या, ‘मतदार कोण ते ओळखू येईल असं काही लिहिलं असेल तर मत बाद होतं. पण इथे कुणाला द्यायचं होतं ते स्पष्ट आहे. तुम्हाला काय वाटतं?’ आम्ही तिघं मोजणीला. म्हातारा लिओनार्दो, पोस्टातून निवृत्त झालेला, तो म्हणाला, ‘अहो, कुणाची तरी आई आहे बिचारी. राहू द्या की.’ कॉलेजातली ती चष्मेवाली मुलगी म्हणाली, ‘नियम म्हणजे नियम. बाद.’ मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. उच्चोने पेन खाली ठेवलं होतं. मत धरलं असतं तर तुझं नाव मोठ्याने वाचलं गेलं असतं आणि ते कोणत्या घरातून आलं, हे त्या खोलीत सांगायला लागलं नसतं. बाद झालं तर म्हातारीचा गोंधळ झाला, एवढंच. गोंधळ उच्चो पोटात घालतो. उलटलेलं मत घालत नाही. मी म्हणाले, ‘ओळखू येतंय. बाद करा.’

वकीलबाईंनी पत्रिकेवर शिक्का मारला, नोंद केली, बादच्या पाकिटात घातली. बाद मतांची फक्त संख्या छापून येते, नावं नाही. बाहेर पडताना उच्चो माझ्या कानाशी म्हणाला, ‘म्हातारं माणूस, चुकायचंच. मी तीन धरतो.’ मी त्याला थँक्यू म्हणाले, दोनातो. खरंच म्हणाले.

तू दार आपटून गेलास त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, ‘मी लिहिलं होतं गं. मग गेलं कुठे?’ मी सांगितलं, तू जास्तीचं काहीतरी लिहिलंस ना, म्हणून बाद झालं. तिने कपाळावर हात मारून घेतला. ‘मग त्याला सांग ना! आत्ता फोन कर. सांग, आई अडाणी आहे, तिला कळलं नाही.’ मी म्हणाले, करते. केला नाही. तुला कळलं असतं तर तू गप्प बसणाऱ्यातला नाहीस. कोर्टात गेला असतास, पाकीट पुन्हा उघडायला लावलं असतंस, कोणी काय म्हटलं ते बाहेर आलं असतं, आणि साव्हेरियोच्या ऑर्डरवर सही व्हायची होती. मी ठरवलं, सही झाली की सांगू. सही झाली. मग वाटलं, आता इतक्या उशिरा कुठल्या तोंडाने सांगू?

ती नवी ऑर्डर फेब्रुवारीत संपली ती संपलीच. पालुमिएरीला दुसऱ्या कुणाची तरी पोरं लावायची होती. उच्चो म्हणाला, ‘पुढच्या निवडणुकीला बघू.’ आता तू म्हणशील, पोराची नोकरी गेली तेव्हा हिला वाचा फुटली. तसंही नाही. त्यानंतर पाच महिने मी गप्पच होते. तेव्हा मला उच्चोची भीती नव्हती, आईची होती. तिचं मत माझ्या तोंडून बाद झालं, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू तिला फोन केला असतास आणि ते पहिल्या पाच मिनिटांत निघालं असतं. दर रविवारी चर्चमधून आलं की ती विचारायची, ‘सांगितलंस त्याला?’ मी म्हणायची, सांगितलं. ‘काय म्हणाला?’ कामात आहे म्हणाला. ‘रागावलाय अजून?’ थोडासा. असे किती रविवार झाले, ते तूच मोज. माझ्याच्याने होत नाही.

आई आज पहाटे गेली. ईस्टरनंतर ती अंथरुणावरच होती, तेही मी तुला कळवलं नाही. गेल्या आठवड्यात म्हणाली, ‘एवढ्याशा चुकीसाठी इतके दिवस? इतका रागीट नव्हता गं तो.’ सगळं कळूनही न येणारा मुलगा, असा तू तिच्या डोक्यात होतास, आणि तसंच डोक्यात घेऊन ती गेली. तेव्हाही मी तिच्या उशाशी बसून नुसती चादर सारखी करत होते. तू तिच्यावर अन्याय केला नाहीस आणि तिनेही तुझ्यावर नाही, तुम्हा दोघांवर मी केला. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा शुक्रवार असेल. शनिवारी दहा वाजता कार्मीनेच्या चर्चमधून तिला नेणार आहोत. एका बाजूला साव्हेरियो आणि पास्क्वीनाचा थोरला, दुसऱ्या बाजूला पास्क्वीनाचा धाकटा, पुढची उजवी बाजू मी कुणाला दिलेली नाही. लोक विचारताहेत. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मी बायकांच्या मागे चालेन आणि नंतर तू म्हणशील तर घरही सोडेन. पण आईला खांदा द्यायला ये.

असं लिहायचा हक्क उरलेला नाही, तरी तुझीच,
एर्सीलिया