पोटातलं नाव

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

निखिल लहान असताना आम्ही दोघं रिंकच्या लाकडी बाकावर बसायचो, आणि हातमोज्यांची एकच जोडी असायची. दुसरी नेहमी गाडीत विसरलेली. उजवा ह्यांच्याकडे, डावा माझ्याकडे. उघडे हात ह्यांच्या कोटाच्या खिशात, एकात एक. बोलत काहीच नसू. समोर बर्फावर नि. पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. बस, एवढंच.

आज आठवलं कारण पुन्हा तसल्याच हॉलमध्ये जाऊन बसले. तोच वास. गार रबर, ओली लोकर, जळकी कॉफी. हे गेल्यापासून मिशिगनचा हिवाळा फार लांबतो. नि. म्हणाला, "आई, घरी बसून काय करणार? चल माझ्याबरोबर. गाडीत झोप." त्याचं कामच हे. गावोगावच्या रिंकवर जाऊन पोरांची बर्फावरची हॉकी बघायची आणि आपल्या संघाला कळवायचं की कोण घेण्यासारखा आहे.

गेले. झोपले नाही.

२ डिसेंबर

मंडळाच्या जेवणात सुलभाताई भेटल्या. "निखिल अजून त्या हॉकीतच का हो?" जणू पोरगा तुरुंगात आहे.

म्हटलं, "हो. मुलं बघत फिरतो."

"आणि स्वतःसाठी मुलगी कधी बघणार?"

हसले. पण बघण्याचा कार्यक्रमच आहे हा, दुसरं काय! उंची किती, वजन किती, घरचे कसे, आधी कुठे दुखापत? फक्त पोहे नाहीत. मग जूनमध्ये सगळे संघ एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडून बसतात आणि पाळीपाळीने नावं घेतात. ज्याचं नाव निघालं त्याचं आयुष्य एका दिशेला, नाही निघालं त्याचं दुसऱ्या.

२० जानेवारी २००७

आयोवा. दिवसभर गाडी. शिकागोनंतर सगळं पांढरं. आकाश कुठे संपतं ते कळेना. मधेच डोळा लागला. स्वप्नात नागपूरच्या कॉन्व्हेंट शाळेचं मैदान, तांबडी माती, पण तिच्यावर बर्फ, आणि आम्ही मुली ट्यूनिकमध्ये, हातात हॉकीच्या काठ्या, घसरतोय. सिस्टर अ‍ॅग्नेस शिट्टी वाजवून ओरडतायत, "गर्ल्स! चेंडू आहे तिथे काय बघता, नाही तिथे बघा!"

मध्यंतरात बर्फ सारवणारी गाडी आली. तिच्यामागे ओलं, काळंभोर चमकणारं आंगण. किती वेळ नुसती बघत राहिले.

मध्यंतरानंतर चौदा नंबरचा एक पोरगा. केलब नाव. बाकीचे चकतीमागे (इथे चेंडू नाही, रबरी चकती) धावतात, हा उभा. बगळ्यासारखा. वाटतं, झोपला की काय. आणि चकती नेमकी त्याच्यापाशी येते. मी नि.ला कोपराने ढोसलं. तो पुटपुटला, "आय नो. आय नो, आई." पेन थांबलं होतं त्याचं.

मोटेलवर म्हणाला, पोरगा स्लो आहे, स्केटिंग म्हाताऱ्यासारखं. डग एका मिनिटात उडवेल. (डग म्हणजे नि.चा साहेब.) शिवाय वीस वर्षांचा होतोय. ह्या जूनमध्ये कुणी घेतलं नाही तर वयाची मर्यादा ओलांडली.

"मग?"

"मग काकाच्या धान्याच्या कोठारावर नोकरी."

"आणि तुला काय वाटतं?"

दिवा मालवून म्हणाला, "मला तोच दिसतो, यार. बाकी कोणी दिसतच नाही." आईला यार म्हणतो. ह्यांनी कान धरला असता.

१७ फेब्रुवारी

आज फार वाईट केलं.

ही स्काउट मंडळी, म्हणजे नि.सारखी पोरं हेरणारी, कोपऱ्यात वर बसतात, एकमेकांपासून लांब. कोणी टाळी वाजवत नाही, हसत नाही, भुवईसुद्धा हलवत नाही. तुमचा जीव कोणावर आहे ते दुसऱ्याला कळता कामा नये. नि.ने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

केलबने मागे न बघता पाठीमागच्या मित्राला चकती दिली. अगदी डोळे मिटून दिल्यासारखी. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी. "वा! वा रे वा!"

अख्खा कोपरा वळला. दुसऱ्या संघाचा फ्रँक, पांढऱ्या मिशांचा, त्याने शांतपणे वही उघडून काहीतरी लिहिलं.

गाडीत नि.ने आधी हीटर लावला. मग, "आई, यू जस्ट टोल्ड द होल लीग."

"सॉरी रे."

थोड्या वेळाने हसायलाच लागला. "वा रे वा! फ्रँकला वाटलं असेल चौदा नंबरचं नावच वारेवा आहे."

हसला म्हणून जास्त वाईट वाटलं.

११ मार्च

फ्रँक शेजारी येऊन बसला. चिवड्याच्या डब्याकडे बघत होता, दिला. डोळ्यांत पाणी आलं तरी खात राहिला. मग सहज विचारल्यासारखं, "तुमच्या मुलाला तो चौदा नंबर आवडलाय म्हणे?"

खोटं बोलायचं नाही, हे सिस्टरांनी हाडात घातलेलं. म्हटलं, "माझ्या मुलाला काय आवडतं ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. वांग्याची भाजी छान झाली म्हणतो आणि ताटात ठेवतो." फ्रँक इतका हसला की ठसका लागला.

पण तो केलबकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

केलबची आई डॉना काचेजवळ एकटी बसते. पातळ जाकीट, हात काखेत. शाळेच्या कँटीनमध्ये वाढते. आज मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बोललो ते थंडीबद्दलच. परत वर चढताना धाप लागली. मधल्या पायरीवर थांबावं लागलं.

६ मे

हृदयाची झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. ऑपरेशन २२ जूनला, शुक्रवारी. मी मान डोलावली आणि घरी येऊन कॅलेंडर बघितलं. ड्राफ्ट, तो टेबलं मांडून नावं घेण्याचा कार्यक्रम, परगावी, त्याच शुक्रवारी-शनिवारी.

दुसरी तारीख मागितली. ऑगस्टशिवाय नाही, आणि ऑगस्टला डॉक्टरांचा ठाम नकार.

नि.चा करारही जूनअखेर संपतो. तो बोलत नाही, मला माहीत आहे.

९ जून

संघाची घ्यायच्या पोरांची यादी पक्की झाली. केलब तीत नाही. डग म्हणाला, माझी आजी त्याच्यापेक्षा जोरात स्केट करते.

आता एकच वाट. त्यांच्याकडे रीत आहे. प्रत्येक स्काउटला वर्षातून एकदा यादी बाजूला ठेवून उभं राहता येतं. म्हणायचं, माझं पोट सांगतं, ह्याला घ्या. बहुतेक वेळा डग घेतो, चौथ्या-पाचव्या फेरीत, शनिवारी. नि. गट पिक म्हणतो (इंग्रजीतलं गट, म्हणजे पोट), मी पोटातलं नाव म्हणते. अट एवढीच की शुक्रवारपासून टेबलावर हजर असायचं आणि स्वतः उभं राहायचं. फोनवर चालत नाही, दुसऱ्याकरवी चालत नाही. डगचं म्हणणं, ज्याला उभं राहायचं नाही त्याच्या पोटाचं मी का ऐकू?

नि.ने सात वर्षांत हा हक्क कधी वापरला नाही. भिडस्त. ह्यांच्यावर गेलाय.

आज सांगून टाकलं त्याने, "मी जात नाहीये. तिकीट कॅन्सल केलं."

१४ जून

भांडण.

"ओपन हार्ट आहे, आई! इट्स नॉट अ रूट कनाल."

"मी झोपलेली असणार. तू बाहेर बसून मशीनमधले चिप्स खाणार. त्याचा मला काय उपयोग?"

"अँड इफ..."

मी उठून चहा टाकला.

मग म्हणाला, फ्रँक घेईल ना केलबला, तू टाळ्या वाजवल्यास ना एवढ्या. विनोद होता. चेहरा विनोदाचा नव्हता. म्हटलं, फ्रँक घेईलही. नाही घेतलं तर? डॉनाला काय सांगशील, माझी आई झोपली होती म्हणून?

दार आपटून गेला. रात्री येऊन माझ्या पायांशी बसला, लहानपणी बसायचा तसा.

इथे खरं लिहिते. मला तो दाराबाहेरच हवा आहे. शुद्धीवर येताना पहिला चेहरा त्याचा हवा आहे. पण ज्या माणसाला एकच जण दिसतो आणि तरी तो उभा राहत नाही, तो मग कुठेच... जाऊ दे.

२० जून, बुधवार

दुपारभर झोप-जाग. खिडकीबाहेर मेपलची पानं, पाण्यातून दिसतात तशी. क्षणभर वाटलं, सारवलेल्या बर्फावरच पडले आहे, गार नाही वाटत.

नि.ने तिकीट पुन्हा काढलंय, उद्या दुपारचं. बॅग उघडी आहे. एकदा सूट आत जातो, एकदा बाहेर येतो. मी विचारत नाही.

सुलभाताई सकाळी येऊन म्हणाल्या, "मी आहे ना तिथे. त्याला जाऊ दे, आणि परत आला की मुलगी बघा त्याच्यासाठी." देवमाणूस. त्यांच्यासाठी हे पान.

मोत्यांच्या कुड्या पुण्याच्या भाचीला. इरकली साड्या मंडळाच्या नाटकाला, त्यांना सतत लागतात. ह्यांची पुस्तकं वाचनालयात, आधी पानं झटकून बघा, हे त्यात बसचे पास ठेवायचे. तपकिरी काश्मिरी शाल डॉनाला. केलबला कोणी घेतलं तरी, नाही घेतलं तरी. गाडी नि.ला, पण आधी ब्रेक तपासा.

हॉस्पिटलचा फोन सुलभाताईंनी घ्यावा. सगळं ठीक असेल तर नि.ला लगेच कळवा, कितीही वाजलेले असोत. ठीक नसेल तर शनिवारी तो टेबलाशी उभा राहून नाव घेऊन परत खाली बसेपर्यंत थांबा. मग सांगा.

आणि तो इथेच राहिला, तर त्याला जेवायला घाला. भाजी वांग्याची नको.