अंबाजोगाईतला समुद्र

४ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. फक्त शास्त्रीय नोंदी. भावना वगैरे लिहायच्या नाहीत.

वनमाला पुण्याला लेकीकडे गेली त्याला सात महिने झाले. गेली होती पंधरा दिवसांसाठी. मला काही फरक पडत नाही. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवली, आता कुठं शांतता मिळाली. लई शांतता आहे.

फोनवर म्हणते, तुम्हीच या ना इकडं राहायला. लेकीच्या घरी जाऊन राहणारा बाप मी नाही. जावयाच्या सोफ्यावर बसून चहाची वाट बघायची? गाव काय म्हणेल?

त्यापेक्षा प्लॅन पक्का आहे. नात राजनंदिनी, वय पाच, मॉलमधल्या टाकीतला केशरी मासा पाहून रडली म्हणे. घरी न्यायचा म्हणाली. जावयांनी जागा नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडं हॉल रिकामा पडलाय. इथं समुद्री टाकी करायची, त्यात तोच मासा. ड्वार्फ एंजल म्हणतात. मासा बघायला दिवाळीला नात येणार, म्हणजे लेक मंजुषा येणार, म्हणजे वनमाला येणार. एकदा आली की राहील. विषय संपला.

१६ ऑगस्ट

टाकी बसली. खडक बसले, दोन प्रवाळ बसले. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ स्वतः कालवलं. पुण्याचा दुकानदार फोनवर म्हणाला, पाणी मुरायला सहा आठवडे लागतात, मासा घाई करून सोडू नका. आणि सोडाल तो एकच सोडा. मला शिकवतो!

शेजारचा बंकट आला. आमच्याच कॉलेजात क्लार्क होता. पाण्यात बोट घालून चाटलं आणि म्हणाला, सर, मीठ लई झालं, दोन बटाटे टाका. अडाणी.

१२ सप्टेंबर

सहा आठवडे सामान्य माणसासाठी. बायॉलॉजीवाल्याला चार पुरतात.

पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सनं मासा पाठवला. ती गाडी अंबाजोगाईला येत नाही, म्हणून पहाटेच्या एसटीनं मांजरसुंब्याला गेलो. ढाब्यावर ड्रायव्हरनं थर्माकोलचा डबा हातात दिला. परत येताना एसटीत गर्दी. लोकांना वाटलं मेडिकल कॉलेजची इंजेक्शनं आहेत. एका मावशींनी उठून जागा दिली. मी खुलासा केला नाही. एका अर्थी औषधच आहे.

१५ सप्टेंबर

मासा खडकामागं आहे. तीन दिवस झाले. लाजाळू आहे. वनमालाही लग्नानंतर आठ दिवस स्वयंपाकघराबाहेर आली नव्हती.

नाव ठेवलेलं नाही. ते राजनंदिनी ठेवील.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ

बाहेर आला! बोटाएवढा, पण रंग काय! निखाऱ्यासारखा, त्यावर काळे पट्टे. मी डावीकडं सरकलो की तोही डावीकडं. मला ओळखतो. त्याच्याशी तासभर बोललो. म्हणजे, निरीक्षणं मोठ्यानं नोंदवली.

व्हिडिओ कॉल लावला. नेमका आत गेला. राजनंदिनी म्हणाली, आजोबा, दगड छान आहेत.

२५ सप्टेंबर

प्रवाळ कुरतडतोय. दुकानदार म्हणाला, त्याची सवयच असते, तुम्हाला सांगितलं होतं. सांगितलं असेल. माझ्या मते तो फक्त चव बघतो.

२८ सप्टेंबर

साडेचार तास लाईट नव्हती, टाकीचा पंप बंद. पाण्यात हवा राहावी म्हणून वगराळ्यानं पाणी वर-खाली करत बसलो. दंड भरून आले. बंकट दारातून म्हणाला, सर, कढी उतू जाईल. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत येऊन तासभर त्यानंही ढवळलं. बरं वाटलं. दोघांनी चहा घेतला. दोन कप बाहेर काढायची सवय राहिली नव्हती.

ऑक्टोबर जवळ आला तरी ऊन कमी नाही. टाकीचं पाणी तापतं म्हणून टेबलफॅन तिकडं वळवलाय. मला तसाही वारा सोसत नाही.

३ ऑक्टोबर

गंभीर निरीक्षण. मासा कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभा असतो. खातो कमी. मी बाजारात गेलो की काय करत असेल? कुणी नाही बिचाऱ्याला. निदान: एकटेपणा. माणसाचं वेगळं असतं, माणूस पेपर वाचतो, टीव्ही बघतो. मुका जीव काय करणार?

दुसरा मासा मागवला. दुकानदार म्हणाला, काका, हे मासे आपल्या जागेत दुसरा खपवून घेत नाहीत, मारामारी होईल. मी म्हटलं, बाबा रे, कोणताच जीव एकटा राहू शकत नाही, हे मी तीस बॅचेसना शिकवलंय.

७ ऑक्टोबर

दुसरा आला. सोडला. पहिला त्याच्या मागं, तो पुढं. गोल गोल. ओळख चालू आहे.

बंकट म्हणाला, सर, त्यो कुटायलाय त्याला. कावून आणला दुसरा? मी म्हटलं, संसार असाच सुरू होतो. तो म्हणाला, आमचा न्हाई झाला असा.

८ ऑक्टोबर

नव्याची शेपटी फाटली आहे. पहिल्याच्याही गालावर जखम. सकाळी टाकीसमोर उभा राहून दोघांनाही समजावलं. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा.

१० ऑक्टोबर

सकाळी नवा मासा टाकीत नाही. झाडू घेतला तेव्हा टाकीमागं फरशीवर सापडला. उडी मारली. खायला-प्यायला सगळं होतं. तरी गेला.

काचेचं झाकण बसवलं. आता.

१३ ऑक्टोबर

पहिला तीन दिवस जेवला नाही. जखम पांढरी झाली होती. आज दुपारी आडवा पडला. पाण्यात हात घालून त्याला तळहातावर धरून ठेवलं. थोडा वेळ कल्ले हलत होते, मग थांबले.

परसात कढीपत्त्याखाली पुरला. चूक माझी. एकटा होता तर निदान जिवंत होता. रडलो. आता लिहिलंय तर लिहिलंय.

बंकटला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

१५ ऑक्टोबर

वनमालाचा फोन. मंजुषाला ऑफिसमधून रजा नाही. दिवाळीला त्यांचं येणं जमणार नाही. म्हणाली, तुम्हीच या, पाडव्याला ओवाळायचंय मला.

मी म्हटलं, मासा आहे घरात. त्याला टाकून कसं येऊ?

ती म्हणाली, बरं.

फोन ठेवला.

१६ ऑक्टोबर

नाही म्हटलं म्हणजे नाही, असं थोडंच असतं? आपल्याकडं पाहुण्याला जेवायला बसा म्हटलं की तो पहिल्यांदा नाही म्हणतो. दुसऱ्यांदा, आत्ताच जेवून आलोय म्हणतो. तिसऱ्यांदा हाताला धरून पाटावर बसवावं लागतं. चौतीस वर्षं तिनंच हे सगळं केलं माझ्या घरी, आल्यागेल्या प्रत्येकाला. पुण्यात राहून विसरली की काय? तिथं एकदाच विचारतात म्हणे.

आज दुसऱ्यांदा विचारील. बॅग भरली. धोतर नको, जावयाच्या सोसायटीत पँटच बरी. चार दिवसांचे कपडे घेतले. आठ दिवसांचेही बसतात.

१७ ऑक्टोबर

फोन नाही. बॅटरी फुल आहे. रेंजही आहे. खात्री करायला बंकटला मिस कॉल द्यायला लावला. वाजला.

१८ ऑक्टोबर, सकाळ

फोन आला! पहिल्या रिंगलाच उचलायचा नव्हता, उचलला गेला. एका हातात बॅग.

वनमालानं विचारलं, मासा कसा आहे?

मी म्हटलं, मजेत आहे. आत्ताच खाल्लं त्यानं.

ती म्हणाली, मग बरं झालं बाई. मला घोर लागला होता, दिवाळीचे तुम्ही एकटे कसे राहाल म्हणून. तुम्हाला सोबत आहे म्हटल्यावर मी आता निवांत. तो मागं पाण्याचा आवाज येतोय, तो त्याचाच ना?

मी म्हटलं, हो, त्याचाच.

बॅग उघडून कपडे कपाटात ठेवले. रिकाम्या टाकीचा पंप आता बंद करता येणार नाही.