दोन वर्षांचा राजा

बाबा,

त्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा तुम्ही टेबलाशी मटार सोलत बसला होतात. आई गेल्यावर तुम्ही पुण्याहून इथे न्यूझीलंडमध्ये, रोटोटुनाला आमच्याकडे राहायला आलात. जन्मभर कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवलात, पण इथे ऐकायला फक्त माझी मुलगी होती. मी दारातूनच सांगून टाकलं, "बाबा, मला मॅनेजरपदावरून काढलं."

कारण तुम्हाला ठाऊक होतं. ज्या वृद्धाश्रमात मी नर्स होते, तिथलीच मॅनेजर होऊन मला फार दिवस झाले नव्हते. तिथला एक म्हातारा शिव्या द्यायचा, म्हणून आधीच्या मॅनेजरबाई त्याचं जेवण कायम खोलीतच पाठवायच्या. मी मॅनेजर झाल्या झाल्या त्याला सगळ्यांबरोबर जेवायला आणलं. दाढी करून आला बिचारा, सगळ्यांना "किया ओरा" म्हणून इथला माओरी नमस्कार केला. पुढे एकदा चिडून त्याने सूपचा वाडगा भिरकावला. कुणाला लागलं नाही, पण माझ्या हाताखालच्या बाईने मालकांचे कान भरले आणि माझी खुर्ची तिला मिळाली. म्हातारा पुन्हा खोलीत.

तुमचा हात थांबला नाही. बॅबिलोनच्या अमेल-मर्दुकची गोष्ट तुम्ही सांगू लागलात, तीही माझ्या मुलीला. त्याचा बाप केवढा पराक्रमी, नेबुखद्नेझर! बापाने यहुद्यांच्या राजाला कैदेत टाकलं होतं. मुलाने गादीवर येताच त्याला सोडवलं, रोज आपल्या पंगतीला बसवलं.

"अँड देन?" ती विचारते.

"मग काय, दोन वर्षांत मेहुण्याने मारलं त्याला, आणि स्वतः राजा झाला. गादी मिळाली की आधी ती सांभाळायची असते. मऊ माणसाला कोण विचारतं?"

"बट आजोबा, ही वॉज काइंड."

"म्हणूनच त्याचं नाव कुणाला माहीत नाही," म्हणून तुम्ही हसता, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघता. मी अजून कोटही काढलेला नाही.

"बस, चहा घे," एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी लायब्ररीतून त्या राजावरचं पुस्तक आणलं. त्याच्याबद्दल फारसं काही उरलेलंच नाही, बाबा. जे थोडं उरलंय त्यात ठळक आहे ते हेच, की त्याने एका कैद्याला सोडवून आपल्याबरोबर जेवायला बसवलं. तुम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं असणार. मग त्या दिवशी आपल्या लेकीसमोर एवढंच का गिळलंत? रागाने मी ते पुस्तक मुदतीआधीच परत टाकून आले.

शेवटी शेवटी तुमचा हात कापायचा, आमटी अंगावर सांडायची. माझा नवरा हळूच म्हणाला, "त्यांचं ताट आत देऊ या का? त्यांनाच अवघडल्यासारखं होतं." मी नाही म्हटलं. शेवटपर्यंत तुम्ही आमच्यात बसून जेवलात. मी तुमचा सदरा पुसत राहिले.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही. तुमच्या अंत्यविधीला चार शब्द बोलायला मला उभं केलं, तेव्हा इथल्या लोकांसमोर मी म्हणाले, माझे बाबा फार प्रेमळ होते. ते खोटं होतं. रडू मात्र खरं आलं.