घट्ट केलेली कडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रायफलवरच्या दुर्बिणी दुरुस्त करण्याचा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांचे पुढे येईलच. यापूर्वीच्या मृत्युपत्रात माझ्या मुलीचे नाव नव्हते. ते मी फाडले आहे. त्याची प्रत कोणाला सापडली तर तीही फाडावी.

१. राहते घर माझ्या पत्नीचे. बेचाळीस वर्षे माझ्यासारख्या हेकट माणसाबरोबर काढणे हे काही खायचे काम नव्हे. माझी आरामखुर्ची तिला कधीच आवडली नाही. ती तिने खुशाल भंगारात द्यावी.

२. बँकेतली ठेव पत्नी व मुलगी यांना निम्मी निम्मी. अट कसलीही नाही. अटी घालण्याची माझी हौस फिटली आहे.

३. दुकान आणि हत्यारे शेजारच्या घड्याळवाल्यांना. दुर्बिणीच्या कड्या उघडायच्या बारीक चाव्या डाव्या खणात आहेत. त्या त्यांनी कोणालाही उसन्या देऊ नयेत, विशेषतः पुढच्या कलमातील गृहस्थांना.

४. नेमबाजी क्लबाचे सेक्रेटरी वीस वर्षे महागड्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसत आले आणि "तुमच्या दुरुस्तीत दम नाही" असे चारचौघांत म्हणत आले. त्यांना माझ्याकडून एक मऊ फडका द्यावा, धुऊन.

५. आता कपाटातल्या त्या एका दुर्बिणीबद्दल. हे कलम लांबेल, पण त्याच्यासाठीच कागद घेतला आहे.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच धडा दिला. चाळीस पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसायला हवे असेल, तर निशाण नंतर. आधी कोऱ्या भिंतीकडे धरायची आणि आतली काळी फुली ठसठशीत दिसेपर्यंत डोळ्याकडची कडी फिरवायची. बघायचे तेही क्षणभरच, कारण जास्त वेळ पाहिले की डोळा सांभाळून घेतो आणि चूक झाकतो. ज्याची रायफल, त्याच्याच डोळ्याने हे करायचे. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण आपल्या कामाची नाही. हे मी इतक्या जणांना सांगितले की घड्याळवाले भिंतीपलीकडून माझ्याबरोबर म्हणत.

माझी मुलगी, घरातली भिंगरी, एकोणीस वर्षांची असताना तिची नेमबाजीची निवड चाचणी होती. आदल्या दिवशी तिची दुर्बीण मी उघडली, साफ केली, माझ्या डोळ्याने फुली लावली आणि कडी घट्ट केली. माझा चष्मा जाड, पण दुर्बिणीतून मी चष्मा काढून बघतो. तिच्या डोळ्याला नंबर नाही. तिला मी बघायला लावलेच नाही. घरचेच काम, म्हणून.

पहिले दहा नेम तिने सुरेख मारले. मधल्या सुटीत ती कठड्यापाशी आली.

"बाबा, फुली पसरतेय. डोळा दुखायला लागलाय."

मी चष्मा काढला, बघितले. मला फुली सुईसारखी दिसत होती. समोर तिचे कोच उभे होते, मागे सेक्रेटरी.

"दुर्बिणीत खोट नाहीये," मी मोठ्याने म्हणालो. "खोट हिच्या मनात आहे. नेम चुकला की काचेला नावं ठेवायची!"

ती नेम धरायला परत जाऊन आडवी झाली. सहा जणी निवडायच्या होत्या, ती सातवी आली. घरी येऊन तिने रायफल पुसून ठेवली, ती पुन्हा हातात घेतली नाही. वर्षभरात लांबच्या गावी नोकरी धरली. तेव्हापासून फोनवर माझा आवाज आला की म्हणते, "आईला द्या." पूर्वी "दे" म्हणायची.

ती दुर्बीण मी कडीला हात न लावता कपाटात ठेवली. तिच्यात खोट नव्हती याचा पुरावा म्हणून! बारा वर्षे.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आत नवे भिंग बसवले. लांबचे लख्ख दिसू लागले. हौसेने ती दुर्बीण काढली, भिंतीकडे धरली. फुली पसरलेली. काच पुसली, गच्चीवर गेलो, पुन्हा तेच. कडी सैल करून अर्धा फेरा फिरवली आणि फुली उभी राहिली. तरुण डोळा ताण देऊन थोडा वेळ निभावून नेतो, मग थकतो. माझ्या नव्या भिंगाला ताण देता येत नाही, म्हणून त्याने पहिल्या क्षणीच खरे सांगितले. त्या दिवशी माझी लेक माझ्या डोळ्याने बघत होती.

मी जिन्यात बसून रडलो. पत्नी म्हणाली, "अहो, औषध झोंबतंय का?" मी हो म्हणालो. तिला खरे सांगायला मला आठ महिने लागले.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला, तो पत्नीने माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "भिंगरी, दुर्बीण चुकीची लावलेली होती. मीच लावली होती. तुझं बरोबर होतं."



"बाबा," ती म्हणाली, "मला खरंच वाटत होतं, माझ्याच मनात खोट आहे. नोकरीत, लग्नात, काही चुकलं की तेच वाटायचं." आणि फोन ठेवला.

ती माझ्यावर रागावली आहे असे मी बारा वर्षे धरून चाललो होतो. तिने तर माझ्यावर विश्वास ठेवला होता.

म्हणून लिहितो: ती दुर्बीण माझ्या मुलीची. तिने ठेवावी, विकावी, फेकावी. कडी मी सैल करून ठेवली आहे. पोचवताना कोणीही, घड्याळवाल्यांनीसुद्धा, आतून बघू नये आणि कडी कसू नये. तिला कधी बघावेसे वाटले तर तिच्या डोळ्याने लावील. नाही वाटले तर ती तशीच, सैल, राहू द्यावी.

वरील मजकूर मी वाचला, चष्म्याशिवाय, आणि तो खरा आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: नऊ मार्च, सोमवार
सही: भिंगरीचे बाबा, दुर्बीणवाले

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारचे घड्याळवाले
२. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई (सही करणाऱ्याची शुद्ध व उजवा डोळा, दोन्ही तपासले. ठीक आहेत.)