रिठदच्या यमुनेची मूठ

वाशीम, ६ फेब्रुवारी १९३८, संध्याकाळ

दुपारी मुंबईहून आलेलं वैद्यकीय मासिक वाचलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन इवल्या ग्रंथी असतात. त्या निकामी झाल्या की कातडी काळवंडते, त्राण जातं आणि रोगी मिठासाठी तडफडतो. त्याला भरपूर मीठ द्यावं, असं लिहिलंय. वाचता वाचता रिठदची यमुना डोळ्यांपुढे आली.

दिवाळीनंतर तिची आई तिला दवाखान्यात घेऊन आली होती. हिरड्यासुद्धा काळ्या पडलेल्या. मुठीत खडेमीठ, तेच चाटत होती. मी मूत्रपिंडाचा आजार ठरवला, मूठ स्वतः उघडली आणि मीठ फेकून दिलं. "अळणीच खायचं," असं वर दरडावलं. हिरड्या पाहिल्या होत्या की मी! मग थांबलो का नाही? पौषात ती गेली.

आणि नेमकी आज तिची आई आली, माझ्यासाठी ओला हरभरा घेऊन. म्हणाली, "डाक्टरसायेब, पोरीनं लय पाय धरले माहे. पन तुमचं पथ्य म्या मोडू देल्लं नाही. शेवटपर्यंत मिठाचा खडा लागू देल्ला नाही तिच्या तोंडाले."

सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं केलं, बाई."

समाधानानं गेली बिचारी. मिठानं यमुना वाचलीच असती असं नाही, कळतंय मला. पण ती मूठ मी उघडली. किती घट्ट होती.

आतून जेवायला हाक येतेय. पान वाढलंय म्हणजे सगळ्यात आधी मीठच वाढलेलं असणार.