नावासकट कात्रण

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

एम.ए. पत्रकारिता, पहिला दिवस. वर्गात अकरा जण. पंखे दोन, चालू एक. मंगरूळपीर ते वाशीम उभ्यानं आलो, म्हणजे उच्च शिक्षणाची सुरुवात रीतसर झाली.

सर म्हणाले, पुढच्या सोमवारी प्रत्येकानं उभं राहून आपला परिचय द्यायचा. सोबत स्वतःच्या नावासकट छापून आलेलं एक कात्रण. नसेल त्यानं तसं सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही — म्हणजे आहे!

५ ऑगस्ट

परिचय लिहायला बसलो. ‘मी स्वप्निल. मंगरूळपीरच्या कडेला आमचा भाजीचा मळा. बी.ए. पत्रकारिता, प्रथम श्रेणी. तीन वर्षं एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या दिल्या.’ इथं अडलो.

बातम्या त्रेपन्न. माझं नाव एकाही बातमीवर नाही. सगळीकडे ‘तालुका प्रतिनिधी’. तालुका प्रतिनिधी म्हणजे रामरावकाका. लिहायचं मी, मिरवायचं त्यांनी.

७ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार, म्हणजे रामरावकाकांकडे भाजीची पिशवी. तीन वर्षांचा नेम. आई भरते, मी पोचवतो. आज वांगी, दोडके, सांभार म्हणजे कोथिंबीर. ज्याच्या हाती पोराचं काम, त्याच्या घरी मळ्यातले चार जिन्नस जायचेच. आमच्याकडे याला लाच म्हणत नाहीत, ओळख ठेवणं म्हणतात. मलाही वाटायचं, या पिशव्यांच्या जोरावर एक दिवस नाव लागेल. शंभरावर पिशव्या झाल्या. एवढ्या वांग्यांत माणूस आमदार होतो.

८ ऑगस्ट

काकांकडे गेलो. चिडूनच गेलो होतो. जुन्या अंकांत एखादी तरी बातमी माझ्या नावानं असेल, शोधा म्हणालो. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, “नाही सापडनार, बाबू. तुह्या मायनंच सांगतलं होतं, पोराचं नाव टाकू नका. भाजी त्याचीच तं हाये.”

चहा प्यायलो. कपाखाली मागच्या महिन्यातला पेपर होता. त्यात माझी बातमी होती.

म्हणजे माझंच नाव दाबायला मीच भाजी पोचवत होतो. दर गुरुवारी. वेळेवर!

९ ऑगस्ट

तनुजानं राखी बांधली. काहून तोंड पाडून बसला, म्हणाली. बहिणीला काय सांगणार? पेढा खाल्ला.

१० ऑगस्ट

शेवटी आईला विचारलं. ती जुड्या बांधत होती, हात थांबवले नाहीत.

माझी पहिली बातमी मळ्यालगतच्या रस्त्यातल्या कमी डांबराची होती. ती आली त्या सकाळी दोघं जण मोटरसायकलवर मळ्यात आले होते. हे लिहिणारा कोण, कुठं राहतो, विचारत होते. मी परीक्षेला, बाबा बाजारात. आई एकटी. तिनं सांगितलं, आमाले नाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी पहिली पिशवी तिनं स्वतः काकांकडे नेली.

मग मला का नाही सांगितलं?

“सांगतलं असतं तं तू लिवनं सोडलं असतं,” ती म्हणाली. “मले तुयं लिवनं बंद नव्हतं कराचं.”

मला राग आला होता. अजून आहे. कुणावर, ते आता नीट सांगता येत नाही. जेवण झाल्यावर परिचयाची ओळ पुरी केली — ‘कात्रण नाही.’

११ ऑगस्ट, सोमवार

एसटीत वही काढायला बॅग उघडली. डब्याखाली बियाण्याची रिकामी पिशवी, तोंडाला सुतळी. मी ठेवलेली नव्हती. आत त्रेपन्न कात्रणं. प्रत्येकावर ‘तालुका प्रतिनिधी’ पेनानं खोडलेलं, आणि वर, चौथी शिकलेल्या माझ्या आईच्या अक्षरात, माझं नाव.