एकतीसपैकी तेरा

दि. २ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. निवृत्त झाल्यावर घरातल्यांना सुधारण्यापेक्षा बाहेरच्यांना सुधार म्हणत तू मला हा ऑनलाइन इंग्रजी शब्दांचा वर्ग लावून दिलास. सुधारते आहे. नऊ जण होते, पाच उरले. कामचुकार गळाले. नियम साधा आहे. शनिवारी परीक्षा, वीसपेक्षा कमी शब्द आले तर चुकलेल्या प्रत्येक शब्दाची पाच वाक्यं सर्वांसमोर वाचायची.

काळजी एकीचीच, नर्सबाईची. इस्पितळातली पाळी संपवून, पाय बादलीत सोडून वर्गाला बसते. माझ्या कॉलेजच्या वहीतले तीनशे शब्द तिला तोंडपाठ आहेत, तरी मोठ्या इस्पितळाच्या मुलाखतीत नापास झाली. दुःखाच्या बारा छटा ती इंग्रजीत सांगू शकते. तिथे मात्र विचारलं, सकाळी वॉर्डात आल्यावर काय काय करता? बाईची दातखीळ बसली. दुसरी आणि शेवटची संधी २८ तारखेला. मी आणखी शंभर शब्द दिले आहेत.

काका बरे आहेत, ऐकत नाहीत. लोभ आहेच, वाढवून हवा असेल तर अक्षर सुधार.

तुझी,
मावशी


दि. ९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर सुधारलं आहे, चष्मा लावून वाच.

आणखी शंभर? अगं, औषध लागू पडत नाही म्हणून तू डोस वाढवते आहेस! मी सात वर्षांची असताना तू मला इंग्रजी कसं शिकवलंस, आठव. दार, बादली, चाळणी, सगळ्यांवर चिठ्ठ्या. काकांच्या पाठीवर ‘नवरा’ अशी इंग्रजी चिठ्ठी होती आणि ते तसेच बँकेत जाऊन आले. तेव्हा तुझी ती वही कपाटातच होती.

नर्सबाईंना विचार, दिवसभर त्यांचे हात काय करतात. त्याच कामांचे शब्द दे. एक उशी आणायला सांग, तोच पेशंट. रागावशील हे माहीत आहे. रागावून झालं की लिही.

तुझ्या रागावर आणि लोभावर सारखाच हक्क सांगणारी,
टिटवी


दि. १७ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

रागावले, चार दिवस. पाचव्या दिवशी उशी आणायला सांगितली.

तिची बोटं पाहायला हवी होतीस. उशीची नाडी पाहिली, ताप घेतला, उशीला न उठवता खालची चादर बदलली. प्रत्येक काम झालं की विचारायची, बाई, याला काय म्हणतात? मग तिने उशीखाली हात घालून पेशंटची कूस बदलली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी बदलतात म्हणे. मला शब्द सुचेना. पडद्यावर पाच चेहरे माझ्याकडे टक लावून. चाळीस वर्षांत वर्गात मी कधी ‘मला माहीत नाही’ म्हटलं नव्हतं. ते म्हटलं, तेही इंग्रजीत. छत काही कोसळलं नाही. वर्गातला वायरमन तेवढा फिस्सकन हसला.

एकतीस कामं निघाली. मला तेरा आली. नियम वायरमननेच मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही शब्दकोश आणि तिची नर्सिंगची पुस्तकं धुंडाळून यादी पुरी केली. आता अठरा शब्दांची नव्वद वाक्यं लिहिते आहे. उत्तराची घाई नाही, मला वेळ नाही.

तुझ्यावर किंचित कमी रागावलेली,
मावशी


दि. २४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काकांचा गुपचूप फोन आला होता. स्वयंपाकघरात तू उशीची कूस बदलत इंग्रजीत पुटपुटतेस आणि चहा मिळत नाही, अशी तक्रार आहे. मी त्यांना चहाचं इंग्रजी विचारायला सांगितलं आहे.

चेष्टा पुरे. २८ तारखेसाठी माझाही जीव टांगणीला लागला आहे. निकाल कळताच लिही. नाहीतर, पत्रांचा नियम मोडून, फोन कर.

तुझी,
टिटवी


दि. ४ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

नर्सबाईला घेतलं! काल कळलं.

मुलाखतीत खाटेवर बाहुली होती. काम करता करता बोला, म्हणाले. एकतीसच्या एकतीस शब्द बोलली. मग त्यांनी एक यंत्र पुढे केलं, त्याचं नाव तिला येईना. मागच्या वेळी इथेच गप्प झाली असती. या वेळी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, मला नाव माहीत नाही, काम माहीत आहे. करून दाखवते, नाव तुम्ही सांगा. मुख्य परिचारिकेने सांगितलं. हिने तिथल्या तिथे तळहातावर लिहून घेतलं. अशीच बाई आम्हाला वॉर्डात हवी, असं ती नंतर म्हणाली.

मी नर्सबाईला मोठ्या ऐटीत विचारलं, माझ्या वहीतलं काय उपयोगी पडलं? म्हणाली, बाई, ‘मला माहीत नाही’ हे वाक्य वहीत नव्हतं. ते तुमच्या तोंडून ऐकलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर आता तेच लिहिलं आहे. सोमवारी वायरमन हत्यारांची पेटी घेऊन बसणार आहे. मला फार तर पाच शब्द येतील.

लोभ आहे तसाच ठेव. आणि फोन कर. वाक्य मध्येच तोडलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी